आभाळ कापलेला फोटो

रविवार सोडून कुठल्याही दिवशी यूटा राज्यातल्या आमच्या सॉरेल गावाखालच्या घळीत, हातांच्या झऱ्यापाशी जा. तिथं घडीच्या खुर्चीवर एक उंच, वाळका माणूस बसलेला दिसेल. डोक्यावर गवती टोपी, पायाशी पाण्याचा कॅन. तुम्ही कड्याजवळ जायला लागलात की तो बसल्या जागेवरून सांगेल, "हात खिशात." तुमच्या कपड्यांना खिसे नसले तर म्हणेल, "मग पाठीमागे बांधा." तुम्ही त्याच्या हातात फोन देऊन म्हणालात, "काका, आमचा एक फोटो काढा ना," तर तो काढेल. मन लावून काढेल. पण नंतर बघाल तर फोटोत तुम्ही आहात, खडक आहे, झऱ्यावरचं नेचं आहे, आणि आभाळ मात्र टिकलीएवढंसुद्धा नाही. परवा एक बाई माझ्यासमोर करवादल्या, "एवढं सुंदर निळं आभाळ, आणि या म्हाताऱ्यानं नुसता दगड काढला! याला कॅमेरा धरता येत नाही वाटतं."

रूलन टेब्जला कॅमेरा धरता येत नाही! बाई, तुम्हाला काय सांगू?

खरं तर सांगायला मी एका पायावर तयार होते. रूलन माझा कुंपणापलीकडचा शेजारी. माझ्या तोंडात च्युइंग गमशिवाय दुसरं काही टिकत नाही हे अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे, त्यामुळे ही गोष्ट सॉरेलमध्ये सगळ्यांना पाठ आहे. लिहायची म्हटल्यावर मात्र मी कुंपणाशी जाऊन त्याला विचारलं. तो टोमॅटोला पाणी घालत होता. म्हणाला, "लिही. पण लिहायचं तर आभाळासकट लिही."

तर आभाळासकट.

रूलन जन्मभर शाळेची बस चालवत आला. आमच्या भागात शाळेची बस चालवणं म्हणजे रोज पहाटे निघून वाळवंटातली एकेक वस्ती वेचत फिरणं. त्याला रस्ते पाठ, वळणं पाठ, कुठल्या कड्यावर कुठल्या महिन्यात उजेड कसा पडतो तेही पाठ. सुट्टी लागली की तो जुनी व्हॅन काढायचा, मागे ती त्याची लाकडी पेटीसारखी दिसणारी घडीची कॅमेराबाई, तीन पायांचं स्टँड, काळं कापड, आणि चालला. त्याची बायको अफ्टन म्हणायची, "माझी सवत ती. माझ्यापेक्षा जास्त वेळ तो तिच्या पदराखाली डोकं घालून असतो." आठ-आठ दिवसांनी तो परत यायचा तो लाल धुळीनं माखलेला, आणि बरोबर चार-पाच फोटो. बस. एवढंच. एका खिंडीत तो एकदा सकाळपासून दुपारपर्यंत उभा राहिला आणि एकही फोटो न काढता घरी आला. "ऊन थेट पडलं," म्हणाला. "थेट पडलेल्या उन्हात खडक मरतो. समोरच्या भिंतीवर आपटून परत आलेला उजेड हवा. उसना उजेड."

"आणि आठ दिवसांचं पेट्रोल? तेही उसनं?" अफ्टन म्हणाली.

आमच्याकडे फोटो काढणाऱ्यांची एक रीत आहे. ती कुणी लिहून ठेवलेली नाही, पण मोडत कुणी नाही. जी जागा जपायची, तिच्या फोटोत आभाळ घ्यायचं नाही. कारण आभाळ आलं की त्याच्या कडेला डोंगर येतात, सुळके येतात, आणि आमच्या भागातला एकेक सुळका म्हणजे माणसाच्या नाकासारखा असतो, दुसऱ्यासारखा दुसरा नाही. नुसता खडक बघून कुणी काही ओळखू शकत नाही. कुणी विचारलंच, "हे कुठं आहे हो?" तर उत्तर ठरलेलं: "यूटात." फारच खोदून विचारलं, तर "रस्त्याच्या डाव्या हाताला."

हातांचा झरा ही अशी जपायची जागा होती. पुढं झुकलेल्या कड्याखाली पाणी झिरपतं, आणि वरच्या कोरड्या भिंतीवर फार फार जुन्या काळच्या माणसांनी उमटवलेले हात आहेत. मोठे, मध्यम, आणि कमरेच्या उंचीवर एक अगदी लहान मुलाचा. तिथं जायची वाट आर्डिसबाई लेविटच्या कुरणातून. त्यांची गुरं त्या पाण्यावर जगली. त्यांच्या घरात नियम होता: कड्याखाली शिरताना हात खिशात घालायचे. नवरा वूड्रो, मुलगा क्लेव्ह, आलेला पाहुणा, सगळ्यांनी. वूड्रो वारले तेव्हा आर्डिसबाईंनी रूलनला तिथं नेलं. "त्यांची ही आवडती जागा. एक फोटो काढून दे. पण आभाळ नको."

रूलननं काढला. तो फोटो वूड्रोंच्या अंत्यविधीला शवपेटीशेजारी ठेवला होता. आम्ही सगळ्यांनी तो पाहिला, नंतरच्या जेवणात चीज-बटाट्यांच्या रांगेत उभं राहून त्याच्याबद्दल बोललो, आणि माझ्या मावशीनं तर रुमालच काढला. पुढं तो आर्डिसबाईंच्या स्वयंपाकघरात शेगडीच्या वर टांगला गेला.

मग काही वर्षांनी झऱ्यावर माणसं यायला लागली. आधी एक पांढरी गाडी. मग पाच. मग शनिवारी इतक्या, की आर्डिसबाईंच्या गुरांना पाण्यापर्यंत जाता येईना. वाटेवरची काळी पापुद्र्याची माती, जिच्यावर पाऊल पडलं तर ते आमच्या नातवंडांनाही दिसेल, ती रस्त्यासारखी तुडवली गेली. आणि एका सकाळी आर्डिसबाई झऱ्यावर गेल्या तर लहान हात पुसट झाला होता. उन्हाचं मलम फासलेले तळवे त्यावर ठेवून-ठेवून लोकांनी तो तेलकट करून टाकला होता. सगळ्यांना आपला हात त्याच्याशी जुळवून बघायचा होता म्हणे.

आता गावात जीपमधून पर्यटक फिरवणारा माणूस एकच: क्लेव्ह. आर्डिसबाईंचा स्वतःचा मुलगा. दुसऱ्या कुणाकडे बघायची गरजच कुणाला वाटली नाही. त्या थँक्सगिव्हिंगला तो आईकडे जेवायला आला तो दारातूनच परत गेला. महिन्याभरात त्यानं सामान बांधलं आणि दोनशे मैलांवर कॉर्बेटला राहायला गेला. आर्डिसबाईंनी जाहीर केलं की त्या मेल्या तरी कॉर्बेटात पाऊल टाकणार नाहीत.

आणि त्याच सुमाराला, माझ्या चाणाक्ष डोळ्यांना असं दिसलं, की रूलननंही कॉर्बेटात जाणं सोडलं.

आधी मी दुर्लक्ष केलं. पण अफ्टन एकदा सहज बोलून गेली, "हल्ली तो कॉर्बेटवरनं जातच नाही. मागच्या कच्च्या रस्त्यानं जातो. तासभर जास्त लागतो, हाडं खिळखिळी होतात." माझ्या डोक्यात लगेच दिवा पेटला. पुरुष एखादं गाव टाळतो म्हणजे तिथं बाई असते! एक तर आवडलेली, नाहीतर चिडलेली. मी तिला नावसुद्धा ठेवलं: कॉर्बेटची क्लॅरिस. रूलन मेलबॉक्सपाशी दिसला की मी विचारायची, "काय रे, क्लॅरिस बरी आहे?" तो हसायचा नाही. मान खाली घालून पत्रं चाळायचा, एकच पत्र असलं तरी. मला वाटायचं, बाण बरोबर लागला.

गेल्या सप्टेंबरात त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, इतक्यात गाडी चालवायची नाही. रूलन म्हणाला, सप्टेंबरचा उजेड थांबणार नाही. अफ्टन कुंपणाशी आली. "नेड्रा, तू जा बाई याच्याबरोबर. गाडी चालव. धूळ मला सोसत नाही आणि याचं तोंड वाकडं करणं तर त्याहून सोसत नाही."

"गाव काय म्हणेल, अफ्टन? मी आणि तुझा नवरा?"

"गाव म्हणजे तूच की. तू गाडीत असल्यावर बोलणार कोण?"

तर आम्ही निघालो. मी चालवतेय, रूलन शेजारी काळा चष्मा लावून, मागे कॅमेराबाई. पहिले दोन दिवस झकास गेले. मी बोलत होते, तो ऐकत होता. एका अरुंद घळीत त्यानं मला अर्धा दिवस काळं कापड धरायला लावलं. परतीच्या दिवशी मात्र त्याचा तो लाडका कच्चा रस्ता पुरानं खाल्लेला निघाला. आदल्या दुपारी कुठंतरी वर पाऊस झाला होता, आणि रस्त्याच्या जागी चिखलाची नदी आणि मधोमध कुणाचीतरी शीतपेयांची गाडी रुतलेली.

"चला," मी म्हणाले. "आता कॉर्बेटवरनं."

"थांबू की. उतरेल पाणी."

"परवा उतरेल. घाबरू नको, क्लॅरिसला मी सांभाळते."

कॉर्बेट येईपर्यंत मला निराळीच अडचण झाली. रस्त्यात मी मोठ्यातला मोठा सोडा घेतला होता, आमच्याकडच्या रीतीनं क्रीम आणि नारळाचं सिरप घातलेला, आणि त्या रस्त्याचे हादरे तुम्हाला माहीत नाहीत. पहिलंच मोटेल दिसलं आणि मी गाडी वळवली.

"इथं नको," रूलन म्हणाला.

"इथंच हवं."

"पुढं पेट्रोल पंप आहे, नेड्रा. स्वच्छ आहे."

"रूलन, मला पंपापर्यंत पोचायचं नाही!"

तो उतरलाच नाही. मोटेलकडे पाठ करून बसून राहिला. मी आत धावले, आणि बाथरूममधून बाहेर आले तेव्हा समोर मोटेलच्या दर्शनी खोलीची भिंत होती.

आता एक गोष्ट सांगते. सॉरेलच्या माणसाला कॉर्बेटात मोटेल कधी लागतच नाही. आमच्या प्रत्येकाची एक चुलत बहीण तिथं असते, आणि तिच्याकडे नाही उतरलं तर ती ख्रिसमसपर्यंत रुसते. त्यामुळे इतक्या वर्षांत आमच्यातल्या एकाही माणसानं त्या दारातून आत पाऊल टाकलं नसावं. बाहेरची मंडळी मात्र झाडून सगळी तिथंच उतरतात.

भिंतभर फोटो होता. जमिनीपासून छतापर्यंत. झरा, नेचं, कडा, हात, तो लहान हातसुद्धा, स्वच्छ आणि कोरडा, पुसट व्हायच्या आधीचा. आणि वर आभाळ. पावसानंतरचं, जांभळं, त्यात एक ढग असा उजळलेला की आतून कुणी दिवा धरलाय. आणि आभाळाच्या कडेला आमचे दोन सुळके, मेंढपाळ आणि कुत्रं. आम्ही लहानपणापासून सांगत आलोय, कुत्र्याच्या दोन कानांच्या बरोबर मधे मेंढपाळ उभा दिसला, की समज, तू झऱ्यापाशी आहेस. दुसऱ्या कुठूनही ते तसे दिसत नाहीत. खाली कोपऱ्यात पितळी पट्टीवर नाव: रूलन टेब्ज, सॉरेल, यूटा.

गावाचं नावसुद्धा!

माझ्या शेजारी एक तरुण जोडपं उभं होतं. मुलगी फोन वर धरून भिंतीचा फोटो काढत होती. मुलगा तिला समजावत होता, "सॉरेलच्या पुढं गेलं ना, की हे दोन दगड बघत राहायचे. हे असे जुळले की थांबायचं."

टेबलामागची बाई हसून म्हणाली, "सगळे तसंच शोधतात. फार सोपं आहे."

मी बाहेर आले. दार उघडलं, बसले, किल्ली फिरवली नाही. रूलन खिडकीबाहेर बघत होता.

"बघितलंस," तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा मला थट्टा सुचली नाही. मी नुसती मान हलवली, आणि तो बोलत सुटला, जसा काही माझाच रोग त्याला लागला होता.

आर्डिसबाईंसाठी त्या दिवशी त्यानं आभाळाशिवायचा फोटो काढला, आणि मग तो ढग आला. "असा ढग मला परत मिळाला नाही, नेड्रा. मी तो स्वतःसाठी काढला. खरंच स्वतःसाठी. पेटीत ठेवला होता. मग चर्चच्या विक्रीला हा मोटेलवाला आला, माझ्या बाकीच्या फोटोंत तो त्याच्या हाती लागला. म्हणाला, मी हा भिंतीएवढा करतो. भिंतीएवढा! मी बसवाला माणूस. मला वाटलं, दोनशे मैल लांब आहे, कोण बघणार?"

"आणि क्लेव्ह?"

"माणसं यायला लागली तेव्हा मी इथं येऊन मोटेलवाल्याला म्हणालो, काढ. तो म्हणाला, पाहुण्यांना आवडतो. मी घरी गेलो. मग आर्डिसनी क्लेव्हचं नाव घेतलं, आणि मी…" त्यानं चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता, दुसराही काही कमी नव्हता. "मला वाटलं, मायलेकांचं आहे, मिटेल. नाताळाला मिटेल. मग म्हटलं, ईस्टरला. अशी तीन वर्षं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी त्या चांदण्याला क्लॅरिस समजून बसले होते.

"क्लेव्ह इथंच राहतो," मी म्हणाले. "आत्ता जाऊ या."

"त्याला काय सांगू? त्यानं काही केलं नाही, हे त्याला माहीतच आहे. सांगायचं तर आर्डिसना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सॉरेलला त्यांच्या घरी गेलो तेव्हा आर्डिसबाई पीच बरण्यांत भरत होत्या. स्वयंपाकघर वाफेनं आणि साखरेच्या वासानं भरलेलं. भरलेल्या गरम बरण्या टॉवेलवर ओळीनं उभ्या होत्या, आणि निवता-निवता एकेकीचं झाकण आत बसून आवाज करत होतं, टक्. "ये गं नेड्रा. बस, ब्रदर टेब्ज. डोळा कसा आहे? पीच घे." आमच्या चर्चमध्ये पुरुषांना ब्रदर म्हणायची रीत आहे.

रूलन बसला नाही. टोपी हातात धरून शेगडीवरच्या फोटोकडे बघत म्हणाला, "आर्डिस, याचा अजून एक आहे. आभाळासकट."

आर्डिसबाईंच्या हातातला चमचा थांबला. "कुठं आहे?"

"कॉर्बेटच्या मोटेलात. भिंतीएवढा. मी दिला. लोक त्याच्यावरून येतात."

टक्.

"म्हणजे क्लेव्हनं नाही?"

"नाही."

आर्डिसबाईंनी शेगडी बंद केली. बराच वेळ त्या पुसलेल्या ओट्यावरूनच फडकं फिरवत राहिल्या. "त्या थँक्सगिव्हिंगला त्याच्या हातात बटाट्यांचं गरम भांडं होतं," त्या म्हणाल्या. "त्यानं स्वतः केलेलं. मी भांडंसुद्धा घेतलं नाही. तो ते तसंच गाडीत घेऊन गेला."

"आर्डिस, मला माफ…"

"थांब. ते बोलून तू मोकळा होशील. मी काय करू?"

टक्. रूलनच्या बोटांत टोपी चुरगळली होती. तीन वर्षांचं ओझं तो खाली ठेवायला आला होता, आणि ठेवलं ते एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या डोक्यावर, हे त्याला त्या क्षणी समजलं असावं. निदान मला तरी समजलं.

"नेड्रा," आर्डिसबाई म्हणाल्या, "गाडीत पेट्रोल आहे?"

"आहे."

"शेवटच्या बरणीचं झाकण बसू दे. मग निघू."

मेल्या तरी कॉर्बेटात पाऊल न टाकणारी बाई माझ्या शेजारी बसली, मांडीवर पीचची बरणी घेऊन. रूलन मागे, कॅमेऱ्याला टेकून, सामानासारखा. दोनशे मैल कुणी बोललं नाही. मीसुद्धा. अफ्टनला मी हे सांगितलं तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

क्लेव्ह गावाच्या टोकाला, चाकांवरच्या लांबट घरात राहतो. तो दारात जीपवरची लाल धूळ धूत होता. आमची व्हॅन ओळखून त्यानं पाणी बंद केलं. पुढच्या दारातून आई उतरली तेव्हा त्याच्या हातून नळी सुटली.

आर्डिसबाईंनी बरणी पुढं केली, तीही अर्धीच. मग रूलन मागच्या दारातून धडपडत उतरला आणि सगळं एका दमात बोलून गेला. ढग, विक्री, मोटेल, तीन वर्षं.

क्लेव्हनं सगळं ऐकून घेतलं.

"मला माहीत आहे, ब्रदर टेब्ज," तो म्हणाला. "मी माझ्या पाहुण्यांना कुठून गाडीत घेतो? त्याच मोटेलातून. रोज सकाळी तुमच्या आभाळासमोर उभा असतो मी."



"मग बोलला का नाहीस रे?" आर्डिसबाई कशाबशा म्हणाल्या.

"तू विचारलं कुठं होतंस, आई? तू तर मीच केलं म्हणून सांगितलंस." त्यानं रूलनकडे पाहिलं. "आणि मला वाटलं, हे सांगतील. शाळेच्या बसमध्ये एकदा खिडकीची काच फुटली होती, आठवतं? तुम्ही बस थांबवून म्हणाला होतात, ज्यानं फोडली त्यानं सांगेपर्यंत चाक हलणार नाही. मी सांगितलं होतं. सात वर्षांचा होतो."

मग क्लेव्हनं आईच्या हातून बरणी घेतली, दुसऱ्या हातानं तिचा दंड धरला. "आत चल. ऊन आहे." दारापाशी वळून तो आम्हाला म्हणाला, "तुम्ही दोघं सावलीत थांबा."

आत काय बोलणं झालं ते ऐकायला मी माझा उजवा हात दिला असता. खिडकी उघडी होती, चार पावलांवर. आणि मी गेले नाही. रूलनशेजारी व्हॅनच्या सावलीत उभी राहिले. कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

पश्चिमेला ढग आले होते. समोरच्या कड्यावरून उजेड परतून येत होता, रूलन ज्याच्यासाठी दिवसदिवस थांबतो तो, उसना. मी त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

खूप वेळानं क्लेव्ह पाण्याचे दोन ग्लास घेऊन बाहेर आला. एक मला दिला. दुसरा रूलनसमोर धरला. रूलनचे दोन्ही हात खिशात होते, आणि ते बाहेर येईनात. क्लेव्ह थोडा थांबला, मग ग्लास गाडीच्या बॉनेटवर ठेवून आत गेला.

मला तहान लागली होती. मी माझं पाणी प्यायले. त्याचा ग्लास आम्ही निघेपर्यंत तिथंच होता, वर लाल धुळीची साय धरून.